आवक-जावक

वागळे इस्टेटीत, रोड नंबर सोळाला,
साखर कारखान्यांचे पंप बनवणाऱ्या कंपनीत
मी आवक-जावक कारकून होतो.
त्या देशाशी माझी ओळख एवढीच:
वर्षाला चार पाकिटं
आणि चौबळसाहेबांनी फाडू दिलेले त्यांचे कोपरे.

पहिल्या तिकिटावर तो कर्नल.
टोपी भुवयांपर्यंत, छातीवर इतकी पदकं
की किंमत छापायला जागा उरली नव्हती.
आत गिऱ्हाइकानं लिहिलं होतं:
सहा महिन्यांत निवडणूक घेतो म्हणालाय,
शब्दाचा माणूस दिसतो. बारा पंप पाठवा.

निवडणूक चौथ्या वर्षी झाली.
तो एकटाच उभा होता,
तरी मोजणी तीन दिवस चालली.
दुसऱ्या तिकिटावर कोट, टाय, खांद्यावरून रेशमी पट्टा.
पदकं गेली; ती असायची तिथं
चित्रकारानं थोडी सावली ठेवलेली.
मागं धरण.
चौबळ भिंगातून बघून म्हणाले,
"भिंत दिसतेय. पाणी कुठंय?"

मग तोच चेहरा,
पाच सेंटाव्होवर काळ्या शाईत पन्नास,
पुढच्या पाकिटावर पाचशे,
आकडा बरोबर तोंडावर बसलेला.
पत्रं आखूड होत गेली.
पैसे येतील. थोडं थांबा.
थोरल्या मुलाला नेलंय, चौकशीसाठी.
हे मी साहेबांना वाचून दाखवलं
आणि आवक वहीत लिहिलं:
विषय – थकबाकी.

शेवटच्या पाकिटावर तिकीट नव्हतं.
म्हणजे होतं, कुणीतरी उपटलेलं.
गोंदाचा पिवळा चौकोन.
तो पळाला, की मारला गेला,
की शेजारच्या देशात केळीच्या बागा घेऊन सुखात राहिला,
कळलं नाही.
त्याच आठवड्यात आमच्या गेटला टाळं लागलं
आणि चौबळ भिंग टेबलावर विसरून गेले.

आता तिथं काचेची इमारत आहे.
रात्रपाळीची पोरं गळ्यात पट्टे घालून चहाला उतरतात.
मी किसननगरच्या खोलीत
बशीत कोमट पाणी घेतो, उरलेले कोपरे भिजत घालतो.
कागद सुटतो, गोंद सुटतो,
पाचशेचा आकडा सुटत नाही.
कर्नल पालथा तरंगत राहतो.

त्याचं मला फारसं काही वाटत नाही.
मुलाचं नाव होतं त्या पत्रात.
वहीत विषयाचा रकाना बोटभर,
त्यात मावलं नसतं, असं मी स्वतःला सांगतो.
शेवटी 'ओ' होता, इतकं आठवतं.
तिकडं बऱ्याच जणांच्या असतो.