मधला डबा

शाळेच्या हॉलात चादर ताणलेली,
मशीनवर कल्लाप्पा मुतगेकर.
तीन रात्री, तीन सिनेमे, एकच नटी.
पास फुकट होता म्हणून गेले
वडगावातून चालत, पाळी संपवून.

पहिल्या रात्री हात्सुए कुरामोची सोळा वर्षांची,
आणि मुकी. बोलपट यायचे होते अजून.
पंख्याआडून नुसत्या भुवया बोलायच्या.
मी तिचं तोंड नाही, काठ बघत बसले:
हातमागाचा,
आमच्या शहापुरी लुगड्याला असायचा तसा.

दुसरा डबा मिरजेतच राहिला.
त्यात तिचं लग्न होतं म्हणे, युद्ध होतं,
स्टुडिओशी भांडण.
कल्लाप्पा म्हणाला, ऱ्हाऊ दे,
मधलं सगळ्यांचं सारखंच असतंय.
मी काही बोलले नाही.
माझी बावीस वर्षं मागावर गेली
ती कुठल्या स्टेशनात पडून आहेत?

तिसऱ्या रात्री ती एकदम म्हातारी.
सून भात वाढते,
ती वाडग्यावर हात आडवा धरते
आणि एकच शब्द बोलते.
खाली इंग्रजी अक्षरं आली, गेली.
मागून कुणी म्हणालं, पुरे.
खिडकीकडून कुणी, साकू.
एरवी यावरून डोकी फुटतात आमच्यात.

त्यानंतर तिनं सिनेमाच सोडला.
फोटोवाले आले की
परसातले मुळे दाखवायची.

दिवे लागले. कल्लाप्पा चादर सोडवत होता,
एकट्याला आवरेना.
मी दुसरं टोक धरलं,
काठाला काठ लावला.