दुसरी चूल

मंगळवारी रात्री, सिटी हॉलच्या तिसऱ्या मजल्यावर
रेडिएटर खोकत होता आणि मी इतिवृत्त लिहीत होते.
समोर जुनी संहिता, सत्तावन्न सालची.
अजून ती सांगते, चुनाभट्टी कुठे नको,
सरसाचा कारखाना शाळेपासून किती लांब,
शवगृहातल्या चार खुर्च्यांमागे मोटारीची जागा एक.

‘कुटुंब’ : कलम दोन, पोटकलम एकतीस.
रक्ताचे कितीही चालतात. बिनरक्ताचे तीन.
चौथा माणूस पायरीवर पाऊल ठेवतो
आणि दिवे लागलेले असताना
घर बेकायदा होतं.

डेल्मर वॉइटोविच उठला, टोपी चुरगाळत.
गॅरेजमागे एक खोली हवी, मेहुणीसाठी.
कुंपणापासून पाच फूट सोडा म्हणता,
माझ्याकडे चार फूट सात इंच.
उरलेल्या पाच इंचांचं मी काय करू?
कुणी बोललं नाही. मी लिहिलं : पाच इंच.

आर्डिथ क्येलँडनं फोटो आणले होते,
शेजारी तीन मजले चढले तर
तिच्या टोमॅटोंवर किती वाजता सावली येईल त्याचे.
दोघेतिघे हसले.
पण तिनं पुठ्ठ्याची इमारत उभी करून
सगळा जुलै मोजला होता. सावली खरी होती.

मग व्हर्ना स्कोग्लुंड. वय एक्क्याऐंशी, कोट जांभळा.
म्हणाली, ताकाला जाऊन भांडं लपवायचं माझं वय गेलं.
वरच्या मजल्यावर अडतीस वर्षं दुसरी चूल आहे.
इन्स्पेक्टर आला की मी तिच्यावर टेबलक्लॉथ टाकायचे
आणि वर जिरेनियमची कुंडी.
आता तिथं न्हिया लॉर राहते, दोन मुलींना घेऊन.
काय करायचं ते करा.

मागच्या रांगेतून रस्क बोलला, निवृत्त इन्स्पेक्टर,
माइक न घेता :
जिरेनियम प्लास्टिकचा होता, व्हर्ना.

हे इतिवृत्तात घ्यायचं का, मी विचारलं.
अध्यक्ष म्हणाले, घ्या.

अकरा चाळीसला मतदान. पाच विरुद्ध दोन.
पोटकलम एकतीसवर मी आडवी रेघ मारली,
पट्टी न लावता, म्हणून जरा वाकडी.
शहरातलं एकही घर जागचं हललं नाही.
चतुःसीमा त्याच : पूर्वेस तलाव, पश्चिमेस रूळ,
उत्तरेस धान्याची कोठारं, दक्षिणेस बर्फ.

घरी जाताना व्हर्नाच्या गल्लीतून गेले.
वाट वाकडी पडते, तरी गेले.
अंमल तीस दिवसांनी, हे मीच टंकलं होतं,
म्हणजे आजची रात्र ते घर अजून गुन्हेगारच.
वरच्या खिडकीची काच वाफेनं धुरकटलेली.
आतून कुणीतरी बोटानं
काहीतरी काढत होतं, मासा किंवा ढग.

माझं घर आर-वन.
तीन बेडरूम, एक चूल, मी एकटी.
चारी बाजूंनी पंधरा पंधरा फूट मोकळे.
जुन्या संहितेला मंजूर होतं,
नव्या संहितेलाही आहे.