आठ रकान्यांचा नमुना

विषय, उद्दिष्ट, तास, पद्धत, साहित्य,
शिकवणारे, मूल्यमापन, शेरा.
मेडिसिनच्या निवासी डॉक्टरांना तीन वर्षांत काय काय यायला हवं
ते शुक्रवारपर्यंत भरून द्यायचंय.
मिरजेत रात्रीचे साडेअकरा. क्वार्टरच्या खिडकीतून
पॅसेंजर जंक्शनात शिरताना ऐकू येते.

मधुमेह, बारा तास. लिहिलं.
हृदयाच्या झडपा, दहा. लिहिलं,
पण झडपेची कुरकुर ऐकायला दहा तास पुरतात?
तंतुवाद्यांच्या गल्लीत फरीदचाचा
एका तारेच्या जवारीवर अख्खी दुपार घालवतात,
सुताचा दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे.
पोरांना एकदा तिथं नेलं होतं, नुसतं ऐकायला.
कार्यालयानं विचारलं, खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा?
खर्च सव्वीस चहांचा होता.

सर्पदंश, चार तास.
इथं हात थांबतो.
मागच्या जुलैत, पहाटे साडेतीनला
कवठेमहांकाळकडून दहा वर्षांचं पोर आलं, पोटात दुखतंय म्हणून.
दाताची खूण नाही, सूज नाही.
सर्जरीवाले म्हणाले, अपेंडिक्स असेल, सकाळी बघू.
पहिल्या वर्षाचा मगदूम, छत्तीस तास जागा,
केसपेपर पुढं सरकवतच होता
तेवढ्यात सलाईन लावता लावता भोरे सिस्टर म्हणाल्या,
"सर, ह्याला झोप आलेली नाही. पापण्याच वर जाईनात.
रात्री जमिनीवर झोपला होता का, आईला विचारा."
मण्यार.
नऊ दिवस व्हेंटिलेटर. दहाव्या दिवशी पोरानं उप्पीट मागितलं.

'शिकवणारे' खाली लिहिते: सुलोचना भोरे.
समिती पदनाम विचारेल, पात्रता विचारेल.
एकतीस वर्षं नाईट ड्युटी.

फवारणीची विषबाधा ऑक्टोबरच्या आधी,
तासगावकडं द्राक्षांची छाटणी सुरू व्हायच्या आत.
लेप्टो, आयर्विन पुलाखाली पाणी चढायच्या आत.
पुस्तकातला क्रम पुस्तकाला असू दे.

मग एक विषय, नमुन्यात नसलेला:
माणूस गेल्याचं सांगणे.
साहित्य: दोन खुर्च्या.
तब्बसुम पटवेगारनं गेल्या साली लिफ्टपाशी उभ्यानं सांगितलं
आणि हळदीच्या वखारीतून थेट आलेली ती बाई,
कोपरापर्यंत पिवळी,
भिंत धरत धरत खाली बसली.
भिंतीवर पंजा उमटला.
तब्बसुम तो कुणाला पुसू देईना.
दिवाळीत रंगकाम झालं, तोवर होता.

आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट.
ड्युट्यांची बेरीज शंभरावर जाते.
झोप कुठल्या विषयात बसवू?
शेऱ्यात पेन्सिलीनं लिहिते, खोडते,
पुन्हा लिहिते.

महिन्याचा शेवटचा शनिवार, एक तास: चूक.
पद्धत: सगळ्यात ज्येष्ठानं आधी सांगायची.
म्हणजे मी.
अठ्ठ्याण्णव साल, खाट नंबर सतरा,
सात महिन्यांची पोटुशी, धाप लागते म्हणाली.
मी रक्तवाढीच्या गोळ्या लिहिल्या.
स्टेथोस्कोप गळ्यातच होता.
तिला डाव्या कुशीवर वळवायला कितीसा वेळ लागला असता.
तिसऱ्या रात्री फेसाळ, गुलाबी थुंकी,
आणि मी धावतेय.

खाट आठवते. कुपवाडची होती, ते आठवतं.
हातातल्या बांगड्यांचा रंगसुद्धा.
नाव आठवत नाही.

उद्या रेकॉर्डरूममध्ये जाते.
जुन्या रजिस्टरांना वाळवी लागली, असं म्हणतील.
तरी जाते.
तोवर शनिवारच्या ओळीत शाई भरत नाही.