रुमालाखाली

मस्कतला रात्री एक वाजता
माझा फोन हेलसिंकीत असायचा.
मी रुवीतल्या खोलीत, वरच्या बंकवर,
चादर डोक्यावरून घेऊन, गुडघे तंबूसारखे वर करून,
उजेड सांडू नये म्हणून.
त्या देशात पैसे लावून पत्ते खेळणं म्हणजे
तुरुंग, आणि मग एकेरी तिकीट.
पण मला भीती वाटायची
ती खाली दिलबहादूरचं घोरणं थांबण्याची.

टेबलाभोवती सहा जण, एकालाही चेहरा नाही.
माझं नाव तिथं ‘राजापुरी’.
कुणीतरी विचारलं, हे गाव कुठं आलं?
मी लिहिलं, पोत्यात.
हळदीची जात आहे, हे कोण सांगत बसणार.

दोन गुलाम हातात होते. तिसरा येईल म्हणून
पगार पुढं सरकवला. एप्रिलचा. मग मेचा, उसना.
त्या खेळात शेवटच्या पानाला नदी म्हणतात.
सांगलीच्या माणसानं
तेव्हाच सामान माळ्यावर टाकून उठायला हवं होतं.

पाठशाळेत सप्तव्यसनं घडाघडा म्हणायचो.
जुगार पहिला.
पंडितजी सांगायचे, हा आत आला की
उरलेल्या सहांना दार उघडतो.
माझ्याकडं त्या सहांसाठी
पैसेच उरले नाहीत.

रजेवर आलो. मार्केट यार्डात, तात्यांच्या पेढीवर.
आता सौदा पुकारून होतो,
तरी तात्यांच्या खांद्यावरचा रुमाल सुटलेला नाही.
त्याच्याखाली बोटं दाबून दाबून
त्यांनी निम्मं आयुष्य भाव ठरवले,
शेजारच्याला पत्ता न लागू देता.

धुळाप्पा हमाल चहा ठेवून समोरच उभा राहिला.
तात्यांनी माझा हात ओढला, वर रुमाल टाकला.
तोंडानं म्हणाले, तिकडं उकाडा लई असंल.
खाली त्यांची बोटं माझ्या बोटांवरनं फिरली.
किती?

मी म्हणालो, पंचेचाळीसच्या वर जातं.
आणि त्यांची दोन बोटं धरली.
मग, कुणास ठाऊक का,
तिसरंही.

बोटांत शून्यं नसतात.
तीन म्हणजे तीन हजार की तीन लाख
हे माल बघून ओळखायचं असतं.
तात्यांनी मला बघितलं, चपलेपासून वर,
पोत्यात बंबू खुपसून
मूठभर कांड्या काढून बघावं तसं.

‘चहा घे, साय धरतीय,’ म्हणाले,
आणि माझा अख्खा पंजा
मुठीत घट्ट धरला.

अख्खा पंजा म्हणजे पाच.
त्यांचे पाच? कुठल्या सालचे? कशातले?
की नुसताच हात धरला होता,
हे मला अजून उमगलेलं नाही.

बाहेर टेम्पोतून पोती उतरत होती.
कुणीतरी फळीवर चढून
भाव ओरडत होता,
अख्ख्या यार्डाला ऐकू जाईल असा.