पिरिअसची कॅसेट

टॉवेलांच्या गाठी पिरिअस बंदराला गेल्या.
पैसे रखडले,
आधी आली व्यापाऱ्याची भेट, एक कॅसेट.
वेष्टणावरचं मला एवढंच वाचता आलं:
थीटा, पाय.
भूमितीच्या वहीतून पळून गेलेले.

साखर पेठेतल्या शेडमध्ये बारा माग
एकदम बोलायचे,
त्यांच्यात ते बुझुकी घुसलं.
कांडी भरता भरता इलय्यामामा थांबला,
बोटांवर मोजलं.
"नऊ मात्रा. शेवटची लंगडते,
आपल्या सात नंबरच्या मागासारखी."

मग फिल्म सोसायटी. वाचनालयाचा हॉल,
मे महिना, पंखा बंद (प्रोजेक्टरचा आवाज ऐकू यावा म्हणून म्हणे),
अठरा माणसं, ग्रीक सिनेमा.
पडद्यावर धुकं, बेट,
दोरीवर वाळत घातलेला टॉवेल.
मी ओरडलेच, "काठ आपला आहे!"
सगळे हसले.
मामा नाही. तो डोळे बारीक करून
काठाचे धागे मोजत राहिला,
बाई रडत होती तरी.

टेप गुंतली की पेन्सिलीने गुंडाळायचो.
गाण्यातला एक शब्द कळत नसे.
मामाला विचारलं की
तो तेलुगूत अर्थ सांगायचा,
दरवेळी वेगळा,
आणि दरवेळी
त्यात कुणीतरी घरी परत यायचं.