हयातीचा दाखला

अमळनेरच्या स्टँडमागे माझं फ्लेक्सचं दुकान.
पासपोर्ट फोटो, वाढदिवस, श्रद्धांजली,
माणूस कोणताही असो, मी त्याच्यामागे आभाळ टाकून देतो.

त्या दिवशी पोरं आली, माझा भाचा हिरामण पुढे.
'वेगळा खान्देश', दहा बाय वीस, नकाशा पाहिजे.
मी नाही म्हणालो नाही.
पुण्याच्या मुलाखतीत माझ्या 'कितला'वर
टेबलापलीकडचे तिघे हसले होते, मीही विसरलेलो नाही.
तापी आमच्या दारातून जाते
आणि जाते.

रेघ कुठून काढायची, यावर तासभर.
चाळीसगाव आत. मालेगावावरून भांडण.
सातपुड्यातल्या पाड्यांना कोणी विचारलं नव्हतं,
ते हिरवे रंगवले.

कोपऱ्यात सुपडू बैसाणे बसलेले, रिटायर हवालदार.
नोव्हेंबर. पेन्शनच्या कागदासाठी फोटो.
आपण अजून जिवंत आहोत
हे बँकेला दर वर्षी दाखवावं लागतं.
हिरामण म्हणाला, आबा, तुम्ही लढाई पाहिलीय, स्टेजवर बसा.

ते उठले, स्क्रीनजवळ आले, चष्मा कपाळावर.
"मन्ही पोर बऱ्हानपूरले देयेल शे. ती कोठे?"
हिरामणने माउस ओढला. बऱ्हाणपूर आत आलं.
मुलगी, जावई, दोन नातू, त्यांची पिठाची गिरणी,
सगळे जागचे न हलता आमच्यात आले.

मग फोटोच्या स्टुलावर बसून ते बोलू लागले,
मला की भिंतीला, कळेना.
जाफन्यात उतरलो तेव्हा हार घातले.
शहाळी फोडून दिली. बायका गच्चीवरून हात हलवत.
वाटलं, आपण चांगले.
देश त्यांचा, भांडण त्यांच्या घरातलं,
आणि मधे आम्ही, नाव शांतीचं, खांद्याला रायफल.
थोड्याच दिवसांत त्याच गल्लीतून गोळी आली.
कोणी झाडली म्हणून घरं तपासायची.
एक म्हातारी. पोरगा कुठाय? इल्लै.
बंदूक? इल्लै.
खोटं बोलतेस? इल्लै.
अंगणात लुगड्यावर मिरच्या वाळत होत्या,
नंदुरबारच्या असाव्यात इतक्या लाल.
मी बुटांनी त्यातून गेलो.
"वाट व्हती बाजूमा," असं म्हणून ते थांबले,
आणि पुन्हा, "बाजूमा वाट व्हती."

निघालो तेव्हा दोन्ही बाजू एका सुरात म्हणत होत्या, जा.
त्यांचं आपसात जमलं ते तेवढंच.

फ्लॅशला त्यांचे डोळे मिटले. दुसऱ्यांदाही.
तिसरा बरा आला,
बँकेला चालेल एवढा जिवंत.

हिरामणने विचारलं, मग आबा, मागूच नये का काही?
"मांगो ना. मी कोठे नही म्हनस?"
चिल्लर मोजत होते ते.
"फक्त मन्हं नाव नको छापू.
आनि कोनी बाहेरना मदतले उना,
तर पहिले त्याना बूट दखजो."

सभा झाली. दोनशे खुर्च्या, सत्तर माणसं, पेपरात चार ओळी.
फ्लेक्स माझ्याच दुकानात परत आला, बिल अजून बाकी.
हिरामण आता दुसऱ्या कोणाच्या तरी वाढदिवसाचे फोटो आणतो,
मी मागे आभाळ टाकतो.

एप्रिलमध्ये बायकोने तो नकाशा गच्चीवर अंथरला,
छापील बाजू खाली, वर मिरच्या,
वाऱ्याने उडू नये म्हणून चार टोकांना विटा.
टाकीतलं पाणी बघायला मी वर गेलो
आणि कठड्याला चिकटून, कडेकडेने निघालो,
चपला हातात. स्लॅब तापलेला, पाय भाजत होते.
बायको म्हणाली, हे काय नवीन?
काही नाही, म्हणालो.
काही नाही.