वेंडेलची वर्षं

वाल्बुर्गा, तू विचारतेस
त्याला कुठे पुरलं.
तुझं पत्र यायला चौदा महिने लागले गं,
आणि मला लिहायला बसायला त्याहून जास्त.

समुद्रात मैलाचे दगड नसतात.
तरी कप्तानाला ठाऊक होतं अर्धं पाणी कुठे संपतं.
दोरीच्या गाठी मोजायचा, वाळूचं घड्याळ उलटं करायचा,
एके दिवशी त्याने वहीत रेघ ओढली.
रेघेच्या अलीकडे मेलेल्याचं भाडं माफ.
पलीकडे मेलेल्याचं
मागे उरलेल्याने फेडायचं.
वेंडेल दोन दिवस पलीकडे गेला.

आणि ते दोन दिवस मीच ओढून आणले होते.
माझ्या वाटणीचं पाणी त्याच्या ओठांना लावून,
आईने दिलेली सुकी सफरचंदं चावून, मऊ करून,
त्याच्या तोंडात घालून,
'अजून जरा' म्हणत.
त्या 'जरा'ची किंमत चार वर्षं.

फिलाडेल्फियाला पैसे चुकेपर्यंत उतरू देत नव्हते.
गिऱ्हाइकंच जहाजावर चढून आली.
गिरणीवाला जोसाया यार्नल, मऊ बोलणारा,
कुणापुढेही टोपी न काढणारा,
त्याने माझे तळहात उलटे करून पाहिले.
दात नाही पाहिले. तेवढी भीड होती त्याला.
कारकुनाने नाव विचारलं, मी सांगितलं,
त्याने लिहून मोठ्याने वाचलं
तेव्हा मी मागे वळून बघितलं,
कुणाला हाक मारतोय म्हणून.
चार वर्षं माझी, चार वेंडेलची.
मी फुली मारली. डोळ्यांत टिपूस नव्हतं.

माझी चार गेली तशीच,
धुण्यात, चुलीच्या राखेत, हंसांची पिसं उपटण्यात.
त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

पाचवं लागलं त्या पहाटे
मी डावा पाय आधी खाली टेकला, त्याच्यासारखा,
आणि जोसायाला म्हटलं, आता पिंपं बांधायला द्या.
तो हसला. मग माझ्या हातातली
दोन मुठींची सुरी बघून गप्प झाला.
पेटी कप्तानाने ठेवून घेतली होती,
सुरी मी परकराखाली बांधून आणली होती.
पहिली सतरा पिंपं गळली.
अठरावं कमी गळलं.
रात्री अंधारात त्याला सांगायचे,
आज तुझी तीन वर्षं उरली रे,
आज नव्वद दिवस,
आज तुझा अंगठा कापला, माझ्या हाताचा.
ओकचा वास येई अंगाला. त्याचाच वास.

शेवटच्या दिवशी जोसायाने कराराचे दोन तुकडे
काठाला काठ लावून जुळवले,
मला दोन जोड कपडे दिले, एक कोरा, आणि एक कुदळ.
म्हणाला, तुझ्यावर आता कुणाचं काही देणं नाही.
मी गिरणीच्या पायरीवर बसले
आणि जी रडले, वाल्बुर्गा,
की त्याची बायको धावत बाहेर आली.
त्यांना वाटलं, सुटल्याच्या आनंदाने.
त्या दुपारी माझा नवरा गेला होता.

आता मी टल्पेहॉकनच्या ओढ्याकाठी राहते.
चुनखडीची जमीन, काळ्या अक्रोडांची सावली.
लोरेंझ विधुर होता, त्याची तीन पोरं माझ्यामागे लागलेली असतात.
माणूस बरा आहे.
या देशात येऊन तुला किती वर्षं झाली, विचारतो,
मी म्हणते पंधरा.
त्याच्या हिशेबाने एकोणीस होतात.
तो पुन्हा बोटं मोजतो, आणि पाइप पेटवतो.

तर, कुठे पुरलं ते मला सांगता येत नाही.
एवढंच ठाऊक आहे की जोसायाचं पीठ
लिस्बनला जायचं, माझ्या पिंपांतून.
एखादं तरी त्या रेघेवरून गेलं असेल.
गळलं नसेल.

जमलं तर कोबीचं बी पाठव,
आपल्या परसातलं.
इथलं नुसतं पानंच काढतं, गड्डा धरत नाही.